शबरीच्या पानातली मोकळी जागा

‘हे पान श्वास घेत नाही,’ असं पाटीवर लिहून बुवांनी पाटी माझ्या की-बोर्डावरच ठेवली.

मी मॉनिटरकडे पाहिलं. मध्यभागी रामपंचायतनाचं चित्र, दोन्ही कोपऱ्यांत आपोआप हलणाऱ्या घंटा, खाली तीन रकाने, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून सरकत जाणारी लाल पट्टी : ‘ह.भ.प. दिगंबरबुवा टाकळीकर यांच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’. दीड दिवस खपून केलेलं होमपेज होतं ते.

“श्वास म्हणजे कसा हो बुवा?”

उत्तर माईंनी दिलं. माई म्हणजे बुवांची बायको. आदल्या दिवाळीत बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला पण आवाज गेला. तेव्हापासून बुवा पाटीवर लिहायचे आणि माई ते वाचून दाखवायच्या. वाचताना पदरचं घालायच्या.

“अगं, ह्यांचं म्हणणं, सगळं एका दमात ओकून ठेवलंयस.”

बुवांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“बरं बाई, ओकलंयस हे माझं,” माई म्हणाल्या.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची, मिरजेतली. मगदूम सरांच्या ‘साक्षी ग्राफिक्स’मध्ये मी कामाला होते. लग्नपत्रिका, बिलबुकं, सत्यनारायणाची आमंत्रणं हा आमचा रोजचा धंदा. पण त्या वर्षी सरांनी बाहेरच्या पाटीवर एक ओळ नव्यानं रंगवून घेतली होती : ‘येथे वेबसाइट बनवून मिळतील’. बुवांची वेबसाइट ही आमची दुसरी. पहिली एका नर्सरीची होती आणि तिच्यातलं गुलाबाचं चित्र कधी उघडलंच नाही.

बुवा आमच्याकडे येणार म्हटल्यावर मी आदल्या रात्री झोपले नव्हते. बाबा पोस्टात होते आणि कीर्तनाचे वेडे. मी पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून गावातलं एकही कीर्तन चुकवलं नाही. त्यातही दिगंबरबुवा उभे राहिले की बाबा मला पुढे सरकवायचे, “वैजे, कान उघडे ठेव, पोटात काहीतरी जाईल.” त्या आवाजावर मी वाढले. भांडी घासताना, केर काढताना मी गुणगुणायचे ते त्यांचंच. आणि आता तो आवाज गेलेला माणूस माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता.

त्यांच्या मांडीवर एक वही होती. शबरीचं आख्यान. तीन वर्षं खपून बुवांनी ते रचलं होतं. साक्या आणि दिंड्या ही गायची पदं, निरूपण, सगळं स्वतःचं. त्या चैत्रात रामनवमीच्या उत्सवात ते पहिल्यांदा उभं करायचं होतं, आणि त्याआधीच गळा गेला. आख्यान एकदाही कुणी ऐकलं नव्हतं. शिष्य दोन होते. एक साखर कारखान्यात टाइमकीपर झाला, दुसरा वाद्यवृंदात रमला.

“निदान लोकांना वाचता तरी येईल,” माई म्हणाल्या होत्या. “नाहीतर आमच्या मागं ही वही कुणीतरी रद्दीत घालणार. देवळानं सांगितलंय, अष्टमीला संध्याकाळी पाच वाजता उद्घाटन करू. बघ बाई, तुझ्या हातात आहे.”

अष्टमीला नऊ दिवस उरले होते.

तेवढ्यात मगदूम सर आतून आले. “काय बुवा, कसं वाटलं डिझाइन?”

बुवांनी पाटी पुसली, लिहिलं : ‘छान.’

सर खुलले. “बघ वैजू! गिऱ्हाईक खूश!” म्हणून ते चहा सांगायला गेले. मी गोंधळून माईंकडे बघितलं. माई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“तुला ठाऊक नाही होय? हे ज्याला परकं मानतात त्याला ‘छान’ म्हणतात. छान म्हणाले की समजायचं, उंबऱ्याबाहेरूनच निरोप दिला. ज्याला घरातला मानला त्याच्या फक्त चुका काढतात. माझ्या स्वैपाकाला चाळीस वर्षांत एकदा छान म्हणाले नाहीत!”

बुवांनी पाटीवर एकच शब्द लिहिला : ‘मीठ.’

“बघितलंस?” माई म्हणाल्या.

* * *

दुसऱ्या दिवसापासून बुवा रोज सकाळी दहाला येऊन बसायला लागले. मी घंटा काढल्या, सरकती पट्टी काढली, तीन रकान्यांचा एक केला. बुवा प्रत्येक गोष्टीचं नाव विचारायचे. वरचा भाग म्हणजे हेडर, असं सांगितलं की लिहायचे, ‘नमन.’ खालचा फूटर म्हटलं की, ‘आरती.’ मार्जिन दाखवला तेव्हा जरा वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, ‘कीर्तनकाराच्या पाठीमागे टाळकरी उभे राहतात ती जागा. तिथे आपण जायचं नसतं.’

ओळींमधलं अंतर वाढवताना मी म्हटलं, “याला लेडिंग म्हणतात.”

सरांना हा विषय फार जिव्हाळ्याचा. त्यांचे वडील खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. “बुवा, शिशाच्या पट्ट्या असायच्या, शिशाच्या! दोन ओळींच्या मध्ये पट्टी सरकवायची की ओळ सुटी व्हायची. म्हणून लेडिंग. आमचे दादा म्हणायचे, ओळीवर ओळ चढली की वाचणाऱ्याला धाप लागते.”

बुवांनी सरांकडे नव्यानं बघितल्यासारखं बघितलं. मग मला लिहून दाखवलं, ‘मोठ्यानं वाच.’

“कशाला बुवा? पडद्यावर दिसतंय की सगळं.”

त्यांनी पाटीवर पेन्सिल आपटली. मी वाचायला लागले. बुवा टेबलाच्या कडेवर एका बोटानं ठेका धरून बसले.

रोज झाडते अंगण शबरी, रोज म्हणे ती, आज
पान वाळले वाजे कोठे, तिला पदांची गाज

बोट थांबलं. बुवांनी खूण केली : परत. मी परत वाचलं. परत थांबलं. ‘अक्षरं एकमेकांना खेटली आहेत,’ त्यांनी लिहिलं. मी अक्षरांमधलं अंतर, ज्याला आम्ही कर्निंग म्हणतो, ते किंचित वाढवलं. परत वाचलं. ‘आता तू खेटते आहेस.’

मग वाचायच्या जागी म्हणायला सांगितलं. मी लाजले. आत सर होते, बाहेर पत्रिका न्यायला आलेले लोक. हळूच म्हटलं. बोट चालू राहिलं, तेव्हा पुढच्या ओळीला जायची परवानगी मिळाली असं मी समजले.

असं सात दिवस चाललं. एकेक पान पाच-पाच वेळा जुळवलं. आवाज चढतो तिथे ठळक अक्षर, निरूपणाला साधं, शबरी स्वतःशी बोलते तिथे बारीक. मला वाटायचं, काय हा माणूस! जुन्या पिढीतल्या लोकांना पडद्यावरचं पान कळत नाही, ऐकल्याशिवाय भरवसा वाटत नाही. मी निमूट म्हणत राहिले.

एकाच पानावरून भांडण झालं. शबरी दारात उभी राहून विचारते, ‘आले का?’ आणि पुढच्या ओळीत उत्तर आहे, ‘नाही.’ बुवांनी त्या दोन्हींच्या मध्ये जागा सोडायला सांगितली. मी एक ओळ सोडली. त्यांनी मान हलवली. दोन. तीन. सहा ओळी सोडल्यावर पेन्सिल खाली ठेवली.

सर मागे येऊन उभे होते. “वैजू, हे काय? अर्धं पान कोरं? लोकांना वाटेल साइट अजून बांधून व्हायचीय!”

“सर, याला व्हाइट स्पेस म्हणतात, त्या डिझाइनच्या पुस्तकात...”

“पुस्तक मीच आणलंय, मला सांगू नकोस. व्हाइट स्पेस म्हणजे एवढी? यात मारुतीचं चित्र मावेल!”

बुवांनी पाटी घेतली. सावकाश लिहिलं, आणि माईंनी वाचलं, “‘ती वर्षानुवर्षं वाट बघते आहे. तुम्हाला सहा ओळी जड झाल्या?’” मग पदरचं, “मारुती पुढच्या आख्यानाला घ्या.”

सर हात जोडून आत गेले.

शेवटच्या दिवशी सगळं जुळल्यावर बुवांनी विचारलं, ‘फॉन्ट म्हणजे नेमकं काय? रोज म्हणतेस.’

त्या काळी मराठी फॉन्टचं प्रकरण किचकट होतं. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, आणि तो त्या त्या कॉम्प्युटरात मुद्दाम घालावा लागे. मी आपली माहितीच्या ऐटीत सांगायला लागले. “मजकूर यंत्राच्या आत असतोच बुवा. पण तो बाहेर कसा यायचा ते फॉन्ट ठरवतो. फॉन्ट नसला तर आत सगळं शाबूत असतं, पण यंत्राला बोलता...”

आणि मी जीभ चावली.

बुवांचा हात गळ्यातल्या मफलरवर गेला होता. माई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, धरणी दुभंगावी. पण बुवा हसले. पाटीवर लिहिलं, ‘समजलं.’ जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

* * *

अष्टमीला राममंदिर भरून गेलं होतं. कॉलेजातून प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर मागून आणला होता, सभामंडपाच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून बसवलं होतं. बाबा पहिल्या रांगेत, माझ्या लग्नातही घातला नसता असा कडक इस्त्रीचा सदरा घालून. उत्सव समितीचे अध्यक्ष नाना कोरे यांनी बुवांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तंत्रयुगावर दहा मिनिटं बोलले, आणि म्हणाले, “आता आपण सर्वजण बुवांचं आख्यान पडद्यावर पाहू या. लाव मुली.”

देवळात इंटरनेट नव्हतं, म्हणून साइट भरून आणलेली सीडी मी घातली. पान उघडलं.

धोतरावर रोमन अक्षरं, टिंबं, उलटसुलट कंस आणि डॉलरच्या खुणांची एक लांबलचक रांगोळी उमटली.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “रामरायाला इंग्रजी येतं का हो?” एकदम हशा पिकला. दुसरा म्हणाला, “व्हायरस शिरलाय आत, व्हायरस!” नानांनी माईकवर फुंकर मारली आणि “शांतता, शांतता” म्हणाले.

सर माझ्या कानाशी वाकले. “फॉन्ट टाकलास ना या मशीनवर?”

सीडीवर मी चित्रं घेतली होती, पानं घेतली होती, सगळं दोनदा तपासून घेतलं होतं. फॉन्ट घेतला नव्हता. आमच्या मशीनवर तो कायम असायचा, इतका कायम की तो आहे हेच मी विसरले होते. घरातल्या माणसाला कोण आमंत्रण देतं!

“सर...”

“रडू नकोस. फ्लॉपीवर घालून आणतो. वीस मिनिटं.” आणि सर स्कूटरकडे पळाले.

वीस मिनिटं देवळातली गर्दी थांबत नाही. बायका मुलांना उठवायला लागल्या. नाना म्हणाले, “आरती उरकून घेऊ. वेबसाइट काय, ज्यानं त्यानं सवडीनं घरी बघावी.” गावात कॉम्प्युटर असलेली घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. मी कोपऱ्यात बुवांकडे बघायचं टाळत उभी होते. तीन वर्षांची रचना, सात दिवसांचं जुळवणं, आणि पहिल्याच दिवशी त्याचं हसं झालं होतं. माझ्यामुळे.

मग छन् असा आवाज आला.

बुवा उठले होते. पिशवीतून त्यांनी चिपळ्या काढल्या होत्या. शाल बाजूला ठेवून ते सभामंडपाच्या मधोमध, कीर्तनकार उभा राहतो त्या जागेपाशी गेले. त्या जागेवर मात्र उभे राहिले नाहीत. एक पाऊल मागे, टाळकऱ्यांच्या जागेवर उभे राहिले. उठलेली माणसं होती तिथे बसली.

पेटीवर लाटकर अण्णा होते. तीस वर्षं बुवांची साथ केलेला माणूस. त्यांनी सवयीनं बुवांची पट्टी, काळी एक, धरली. बुवांनी मान हलवली आणि हाताची चार बोटं वर केली.

अण्णांना कळेना. “काळी चार? अहो बुवा, ती तर बायकांची पट्टी!”

बुवांनी तीच चार बोटं माझ्याकडे वळवली.

सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. “मी नाही,” मी म्हटलं. “मी नाही हो बुवा, मी फक्त टाइप केलंय.”

“अगं बाई,” माई माझ्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला पुढे ढकललं. “पान दिसायला नीट हवं म्हणून कुणी सात दिवस मोठ्यानं म्हणून घेतं का? जा.”

समोर बाबा बसले होते. त्यांनी हात जोडले होते, मला का रामाला, ते आजही सांगता येणार नाही.

चिपळ्या वाजायला लागल्या. टेबलाच्या कडेवर रोज ऐकलेला तोच ठेका होता तो. मी डोळे मिटले आणि मला पान दिसलं. पहिली ओळ, तिच्याखालचं अंतर, दुसरी ओळ. जिथे अक्षर ठळक होतं तिथे आवाज आपोआप मोठा झाला, जिथे बारीक तिथे खाली आला. पहिल्या साकीला गळा थरथरला. दुसरीला सावरला. निरूपणात मी एके ठिकाणी अडखळले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ “रामकृष्णहरी” म्हणाले, आणि त्या आधारावर मी पुढे सरकले. मध्येच केव्हातरी तबला लागला. केव्हातरी मागच्या बायका साकीची दुसरी ओळ माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. शबरीच्या बोरांच्या झाडाखाली सगळं गाव बसलं होतं.

मग ते पान आलं.

“आले का?” शबरीनं विचारलं.

आणि माझ्या पुढे सहा कोऱ्या ओळी होत्या. घशाशी पुढचा शब्द येऊन थांबलेला, आणि इतक्या लोकांसमोर गप्प उभं राहायची भीती अशी की तो कधी एकदा टाकून देते असं झालेलं. पण चिपळ्या थांबल्या होत्या. अण्णांनी भाता सोडला. एक ओळ गेली. दोन. तीन. पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला.

त्या शांततेत बाहेरच्या फरशीवर पावलं वाजली.

सगळं देऊळ दाराकडे वळलं. शप्पथ सांगते, एकूण एक मान वळली. लहान मुलं गुडघ्यांवर उठली. नाना कोरे अर्धवट उभे राहिले.

दारात मगदूम सर होते. घामाघूम, एका हातात चपला, दुसऱ्या हातात फ्लॉपी.

“नाही,” मी म्हटलं.

हसावं की रडावं हे कुणालाच कळलं नाही. मला वाटतं लोकांनी दोन्ही केलं. सर तिथंच उंबऱ्याशी खाली बसले. फ्लॉपी त्यांनी खिशात घातली. पुढे कितीतरी वर्षं ते ही हकिकत ज्याला त्याला सांगायचे, “अहो, चारशे डोळे माझ्याकडे! मी सांगणार होतो, फॉन्ट आणलाय. पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि खालीच बसलो. त्यांना मी हवा नव्हतो, दुसरंच कुणीतरी हवं होतं.”

पाऊण तासानं शबरीच्या दारात राम आला. त्या ओळीला बुवांच्या चिपळ्या अशा वाजल्या की मला वाटलं आता यांना कंठच फुटेल.

* * *

ती वेबसाइट चार-पाच वर्षं होती. मग तिची मुदत संपली, कुणी वाढवली नाही. सीडी माझ्या कपाटात आहे. आता मराठी कुठल्याही फोनवर उघडतं, फॉन्ट बरोबर न्यायची गरज राहिलेली नाही; आणि नवीन मुलांना मी जुन्या फॉन्टचा त्रास सांगितला की ती आजीची गोष्ट ऐकावी तशी ऐकतात. ती सीडी मी मध्ये एकदा लावून बघितली. तीच रांगोळी, तेच डॉलर. दुरुस्त करावीशी वाटली नाही. शबरीचं आख्यान माझं आता कुठे कुठे होतं, त्याचा हिशोब रामराया ठेवतो. बुवा आणखी सहा वर्षं होते आणि मी उभी राहिले की एक पाऊल मागे, टाळकऱ्यांच्या जागेवर.

पण त्या अष्टमीचं एक सांगायचं राहिलं.

आरती झाली. लोकांनी मला घेरलं. नाना म्हणाले, “छान!” अण्णा म्हणाले, “फार छान!” ज्यानं व्हायरस म्हटलं होतं तोही येऊन छान म्हणून गेला. मी सगळ्यांना नमस्कार करत होते आणि डोळा बुवांवर होता. ते खांबाशी बसून धोतराच्या सोग्यानं चिपळ्या पुसत होते. माझ्या मनात एकच भीती होती. रामा, यांनी तो शब्द लिहू नये.

मी जाऊन पाया पडले. बुवांनी पाटी ओढली, पुसली आणि लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. एका शब्दाला एवढा वेळ लागत नाही, एवढं मला कळलं आणि डोळे भरून आले. मला अक्षरं दिसेनात. मी पाटी माईंकडे दिली.

माईंनी चष्मा लावला आणि वाचलं :

“‘दुसऱ्या दिंडीत लेडिंग कमी पडलं. ओळीवर ओळ चढली. उद्या सकाळी सात वाजता ये.’”

आणि त्या दिवशी माईंनी पदरचं काहीच घातलं नाही.